यंत्रणा ‘चालू’ होती. पण कोणाच्या घड्याळाने?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ रोजी पहिले प्रवासी विमान उतरले आणि उलव्याच्या पत्त्याला एकदम वजन आले. ज्या उलवे टेकडीची सुमारे ९० मीटर उंची कापून आणि ज्या उलवे नदीचा प्रवाह वळवून विमानतळाची ११६० हेक्टर जागा सपाट करण्यात आली, तिच्याच नावाचे हे सिडकोचे उपनगर. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, शिवाजीनगरजवळ जमिनीला टेकणारा अटल सेतू आणि जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत धावणारी लोकल. एवढ्याशा टापूत संगणकाच्या भरवशावर चाललेल्या इतक्या मोठ्या यंत्रणा राज्यात अन्यत्र क्वचितच सापडतील. धावपट्टी ३७०० मीटरची, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची, हे आकडे एव्हाना बहुतेकांना तोंडपाठ झाले आहेत. संगणक बसला तर तो किती मिनिटांत पुन्हा उभा राहिला पाहिजे, हा आकडा मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. याच टापूने त्याचे उत्तर एकदा महागात शिकलेले आहे.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या संगणकविषाणूने युक्रेनमधून जगभर धाव घेतली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेत तो शिरला आणि त्याच समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवत असलेले न्हावा-शेव्याचे ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे १८ लाख कंटेनर क्षमतेचे टर्मिनल ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, चालक हजर होते, जहाजे धक्क्याला येत होती. पण कोणता कंटेनर कोणाचा, तो कोणत्या रांगेत ठेवला आहे आणि कोणत्या ट्रेलरवर चढवायचा, ही माहिती देणारा पडदाच काळा पडल्यावर लोखंडाच्या त्या हजारो पेट्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या. कामकाज हाताने करण्याची वेळ आली. आत येणारा आणि बाहेर जाणारा माल तुंबू लागला, तेव्हा तो थोपवून धरायला जागा शोधण्याची धावपळ बंदर प्रशासनाला करावी लागली. मर्स्कने पुढे या हल्ल्याचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले. चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे जाहीर केले. या साऱ्या पुनर्बांधणीचा पाया ठरला तो आफ्रिकेतील घाना येथील एक सर्व्हर. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली असल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता आणि म्हणूनच वाचला. भारनियमनाचे असेही उपकार असू शकतात, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

या प्रकरणातील खरी मेख मात्र ‘वायर्ड’ या अमेरिकी मासिकाने २०१८ मध्ये पुढे आणली. मर्स्कच्या संगणकजाळ्यात कच्चे दुवे आहेत, हे कंपनीतील तंत्रज्ञांना हल्ल्यापूर्वीच ठाऊक होते. सुरक्षेची डागडुजी करण्याची योजना तयार होती, तिला मंजुरी होती, पैसाही ठेवलेला होता. तरी काम पुढे सरकले नाही. कारण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कामगिरीचे जे निकष वार्षिक बोनसशी जोडलेले होते, त्यांत हे काम नव्हते. म्हणजे उद्दिष्टे होती आणि ती मोजलीही जात होती. ज्याच्यावर धंदा उभा होता तेवढे मात्र यादीबाहेर राहिले. कोपनहेगनमधील एका कार्यालयात कोणत्या गोष्टीला गुण द्यायचे हे ठरले आणि त्याचे परिणाम न्हावा-शेव्याच्या ट्रेलरचालकांपर्यंत पोहोचले.

माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनात ‘जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही’ हे वाक्य मंत्रासारखे म्हटले जाते. त्यात तथ्य आहेच. ‘सेवा उत्तम देऊ’, ‘यंत्रणा सक्षम करू’ अशा उद्दिष्टांना कधीच अपयश येत नाही, कारण यश कशाला म्हणायचे हेच त्यात सांगितलेले नसते. परंतु आकडा लिहिला की काम झाले, असेही नव्हे. तो कोणाच्या बाजूने मोजला जातो, हे पाहावे लागते.

सर्वांत लोकप्रिय आकडा म्हणजे यंत्रणा चालू राहण्याची टक्केवारी. कंत्राटात ९९.५ टक्के लिहिलेले असले की वाचणारा निश्चिंत होतो. प्रत्यक्षात वर्षाच्या ८७६० तासांपैकी अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास. ९९.९ टक्के म्हटले तरी पावणेनऊ तास उरतात आणि ९९.९९ ला सुमारे ५३ मिनिटे. ही मिनिटे केव्हाची, हे टक्केवारी सांगत नाही. पहाटे तीन वाजता बंद पडलेला तपासणी कक्षाचा संगणक आणि सकाळच्या गर्दीत बंद पडलेला तोच संगणक तिच्या लेखी सारखेच. उलव्याच्या विमानतळाचेच उदाहरण घ्यावे. सुरुवातीच्या दिवसांत तेथील वाहतूक सकाळी ८ ते रात्री ८ एवढीच होती. अशा वेळापत्रकात महिन्यातून एक तास यंत्रणा बंद पडली, तर २४ तासांच्या हिशेबाने ती ९९.८६ टक्के चालू ठरते आणि प्रवासी प्रत्यक्ष असतात त्या तासांच्या हिशेबाने ९९.७२. बिघाड तोच, पण छेद बदलला की तो निम्मा दिसतो. कंत्राटदाराला दंड होणार की नाही, हे अशा वेळी बिघाडावर कमी आणि भागाकारावर अधिक अवलंबून असते.

सरासरीचेही तसेच. वर्षभरात दहा बिघाड झाले, नऊ प्रत्येकी दहा मिनिटांत दुरुस्त झाले आणि एकाला दहा तास लागले, तर सरासरी येते ६९ मिनिटे. असा ६९ मिनिटांचा बिघाड मुळात एकही झालेला नाही. तक्रार निवारणाच्या आकड्यांची कथा याहून मजेदार आहे. अमुक तासांत तक्रार ‘बंद’ झाली पाहिजे असे बंधन घातले की ती बंद होते. मग त्याच माणसाची त्याच दुखण्याची दुसरी तक्रार नव्या क्रमांकाने उघडते आणि दोन्ही यशाच्या रकान्यात जातात. ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ असा शेरा मारला की घड्याळ थांबते, ही युक्ती ऐरोली-महापेच्या कार्यालयांत काम केलेल्या कोणालाही नवी नसावी. मोजमाप हेच लक्ष्य झाले की त्याचे मोजमाप म्हणून मोल उरत नाही, अशा आशयाचे निरीक्षण ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात मांडले होते. संगणक विभागांनी ते रोजच्या व्यवहारात सिद्ध करून दाखवले आहे.

मग चांगला आकडा कसा असतो? त्याचा नमुना विमानतळावरच, सामानाच्या पट्ट्यापाशी सापडतो. विमानाचे इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग दहा मिनिटांत आणि शेवटची तीस मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे, ही अट मोठ्या विमानतळांच्या करारांत आहे. ती पाळली जात नसल्याचे दिसल्यावर नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने फेब्रुवारी २०२४ मध्ये सात विमान कंपन्यांना पत्रे धाडली. या अटीचे बळ असे की घड्याळ कधी सुरू होते आणि कधी थांबते, हे प्रवाशाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. शिवाय तिच्यात सरासरी नाही. शेवटची बॅग मोजली जाते. बॅग कोणत्या विभागामुळे अडली, संगणकामुळे की माणसामुळे, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

दुसरा नमुना अधिक व्यापक आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये फसलेल्या व्यवहारांचे दोन वर्ग केले जातात. ग्राहकाने पिन चुकवला किंवा खात्यात पैसे नव्हते तो एक. बँकेची किंवा जाळ्याची यंत्रणा कोलमडली तो दुसरा. या दोन्हींचे प्रमाण राष्ट्रीय देयक महामंडळ बँकांच्या नावानिशी दरमहा प्रसिद्ध करते. तांत्रिक कारणाने फसणारे व्यवहार आरंभीच्या काळात आठ-दहा टक्क्यांच्या घरात होते, ते पुढे एक टक्क्याच्या खाली आले. याचे सारे श्रेय त्या तक्त्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण आपल्या बँकेचे नाव खालच्या ओळीत छापून येणे कोणत्याही अध्यक्षाला आवडत नाही. तरीही मार्च-एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय तीन-चारदा अडखळले. १२ एप्रिलच्या बिघाडात काही बँकांनी एकाच व्यवहाराची स्थिती पुन्हा पुन्हा विचारून जाळे भरून टाकल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर महामंडळाने जी उत्तरे द्यायची मुदत ३० सेकंद होती ती १६ जून २०२५ पासून १० ते १५ सेकंदांवर आणली आणि अशा विचारणांवर मर्यादा घातल्या. बिघाडातून नवा आकडा जन्माला आला आणि तो तारखेसह जाहीर झाला, हे महत्त्वाचे.

बिघाड कधी होणारच नाही, हे उद्दिष्ट ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. कंपनीने ती फाइल अवघ्या ७८ मिनिटांत मागे घेतली होती. अमेरिकेतील अन्य मोठ्या विमान कंपन्या एक-दोन दिवसांत सावरल्या. डेल्टाला मात्र पाच दिवस लागले आणि तिची सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली. आघात सर्वांवर एकच होता; फरक पडला तो पुन्हा उभे राहण्याच्या तयारीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत उड्डाण-आराखड्यांचे संदेश पोहोचवणारी स्वयंचलित यंत्रणा कोलमडली, तेव्हाही नियंत्रक जागेवर होते. तपशील हाताने भरावे लागल्याने आठशेहून अधिक उड्डाणे रखडली.

म्हणून विमानतळ असो वा बंदर, विचारायचे प्रश्न साधे आहेत. यंत्रणा पडल्यापासून पहिला प्रवासी किंवा पहिला ट्रेलर पुन्हा पुढे सरकेपर्यंत जास्तीत जास्त किती मिनिटे? किती वेळाच्या नोंदी गमावणे चालेल? बंदरात हा दुसरा प्रश्न पहिल्याहून कठीण आहे, कारण तासाभराच्या नोंदी गेल्या तर त्या तासात हललेला प्रत्येक कंटेनर शोधत फिरावे लागते. आणि जतन केलेल्या प्रतीवरून यंत्रणा खरोखर उभी करून पाहिली ती शेवटची तारीख कोणती? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा शांतता हेच उत्तर मिळते.

सरकारी नियमांनी यातील काही भाग व्यापला आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ला द्यावी लागते, ती कळवण्याची मुदत झाली, सेवा पूर्ववत करण्याची नव्हे. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना दिवसांची मर्यादा घालून दिली आणि विलंबासाठी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद केली. पण ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे खिडकीवरचे तीन शब्द दंडाच्या कक्षेत सहसा येत नाहीत, कारण त्यांना जबाबदार असा अधिकारी समोर नसतो. उलव्यापुरती गोष्ट आणखी थेट आहे. हा भाग पनवेल महापालिकेच्या हद्दीत नाही. सिडको हीच येथील नियोजनकार आणि घरे विकणारी संस्था. ऑक्टोबर २०२४ च्या २६ हजार घरांच्या योजनेत खारकोपर आणि बामणडोंगरीच्या सदनिकांसाठी अर्जापासून पसंतीक्रमापर्यंत सारे काही संकेतस्थळावरून झाले. अशा योजनेत अंतिम दिवशीच्या शेवटच्या तीन तासांतील अयशस्वी प्रयत्नांची संख्या प्रसिद्ध झाली, तर वर्षभराच्या टक्केवारीपेक्षा ती कितीतरी अधिक सांगून जाईल.

विमानतळाबाबत हे आकडे मागण्याची जागा कायद्यानेच दिलेली आहे. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या २००८ च्या कायद्यात सेवेची गुणवत्ता, सातत्य आणि विश्वासार्हता यांच्या ठरवून दिलेल्या मानकांवर लक्ष ठेवणे हे प्राधिकरणाचे काम असल्याचे नमूद आहे. याच प्राधिकरणाने २०२५ मध्ये नवी मुंबईतून देशांतर्गत प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकासाठी ६२० रुपयांचे तात्पुरते वापरकर्ता विकास शुल्क मंजूर केले. असे शुल्क निश्चित करण्यापूर्वी सल्लामसलतीचा मसुदा निघतो आणि त्यावर संबंधितांची मते मागवली जातात. धावपट्टी, इमारत आणि कर्ज यांच्या रकान्यांनी तो मसुदा भरलेला असतो. ‘सातत्य’ या शब्दापुढे किती मिनिटे लिहायची, हे तेथे लेखी विचारता येते.