सात विजय आणि अपुरा सातबारा

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेस वळते. याच सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सुरगाणा-पेठचे पाणी मात्र पार, दमणगंगेवाटे अरबी समुद्रास मिळते. वनसंपदा मोठी, पाऊस उदंड. तरीही उन्हाळ्यात हंडा रिकामा आणि कसणाऱ्याच्या नावे जमीन नाही. ही विसंगतीच जिवा पांडू गावित यांच्या राजकारणाचा विषय ठरली. १९७८ ते २०१४ या काळात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे ते सात वेळा विधानसभेवर निवडून आले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या अग्रभागी ते होते. २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची प्रमुख मागणी. सरकारने लेखी आश्वासन दिले. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच पूर्ततेसाठी पुन्हा मोर्चा काढावा लागला. २०१९ व २०२४ मध्ये मतदारांनी गावितांना सभागृहाबाहेर ठेवले. लोकशाहीत हा कौल शिरोधार्यच. परंतु प्रतिनिधी बदलल्याने प्रश्न निकालात निघत नाही. अशा नेत्याचा गौरव हारतुऱ्यांनी होत नसतो. कसणाऱ्याच्या हाती जमिनीचा कागद पडेल, तेव्हाच तो होईल.