मुलांचा धीर आणि थोरांचा शब्द

परवा नदीवर नेण्याविषयी आमच्या पाच वर्षांच्या नातवाने आकांत मांडला, तेव्हा धीर कसा तो नाहीच, म्हणून आम्ही त्यास रागे भरलो. सूनबाई हळूच म्हणाली, “मामंजी, आपणच त्याला दोनदा ‘उद्या’ सांगितलेत.”

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हास आठवला. चांगले रंग आणून देण्याचे वचन काही मुलांपाशी पाळले, काहींपाशी मोडले. नंतर मिठाई पुढे ठेवून, न खाता थांबल्यास आणखी एक मिळेल, असे सांगितले. पहिली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. फसविलेली अवघी ३. यास हट्ट म्हणावे की व्यवहारज्ञान?

त्याच सायंकाळी आम्ही नातवास घाटावर नेले. गुडघे दुखत होतेच. ती सबब मात्र या खेपेस काढली नाही.