मागून येणाऱ्याने घंटी वाजवावी

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासहाला, पौड रस्त्यावर वनाज मेट्रो स्थानकाच्या अलीकडे, माझ्या डोळ्यांसमोर एक सायकलस्वार पडले. साठी ओलांडलेले गृहस्थ, जुनी दांडीची काळी सायकल, हँडलला डब्याची पिशवी. अजून अंधारच होता. डाव्या कडेने ते आपल्या लयीत चालले होते. मागून बारीक टायरच्या तीन सायकली आल्या. दोन त्यांच्या उजवीकडून गेल्या, तिसरी डावीकडून, फुटपाथच्या कडेला उरलेल्या हातभर जागेतून. आवाज कुणीच दिला नाही. डावीकडून अंगाला चाटून काही गेलं की कुणीही जे करेल तेच काकांनी केलं, हँडल उजवीकडे ओढलं. मागच्या टेम्पोवाल्याने वेळेत ब्रेक दाबला, म्हणून गुडघा सोलवटण्यावर निभावलं. तिघे तोवर दिसेनासे झाले होते.

चेन उतरली होती. ती बसवायला मी हात लावला, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "ताई, घंटी तरी मारायची ना."

मोटारवाल्यांबद्दल आम्ही सायकलवाले पुष्कळ बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. सायकल ट्रॅकवर लावलेल्या गाड्या, त्यावरून पळणाऱ्या दुचाकी, मध्येच संपणारे पेव्हर ब्लॉक, हे सगळं खरं आहे. पण आम्ही एकमेकांशी कसं वागतो?

स्कूटर मागून आली तर इंजिनाच्या आवाजाने कळते. सायकलला आवाज नसतो. काका ताशी बारा किलोमीटरने चालले असतील आणि मागचे तीसने आले असतील, तर फरक अठराचा, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. वीस मीटर मागे असताना घंटी वाजवली तर पुढच्या माणसाला चार सेकंद मिळतात. तेवढ्यात तो सरळ राहतो, खड्डा चुकवायचा बेत रद्द करतो. अगदी जवळ येऊन वाजवली तर दचकवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. आणि पुढे जायचं ते उजवीकडूनच. डावी बाजू पुढच्याची आहे, खड्डा, गटाराची जाळी, रिक्षातून उतरणारा माणूस यांपासून बाजूला व्हायला तीच त्याची जागा.

महागड्या सायकलींना बहुतेकदा घंटी नसतेच, ती वेगळी घ्यावी लागते. माझ्याही सायकलला नव्हती आणि ती बसवायला मी दीड वर्ष लावलं. त्या दीड वर्षात माझ्यामुळे किती जण दचकले असतील, हा विचार मंगळवारपासून मला सोडत नाही.

रविवारी सिंहगड रस्त्यावर, खडकवासल्याकडे जाताना, आमचे ग्रुप दिसतात. तिघं-चौघं शेजारी शेजारी, गप्पा मारत. याच ग्रुपमधल्या चांगल्या सवयीही मला माहीत आहेत. पुढचा खड्ड्याकडे बोट दाखवतो, थांबायचं असेल तर तळहात खाली करून सांगतो. पण हा सगळा शिष्टाचार ग्रुपच्या आतच राहतो. त्याच रस्त्यावर दुधाचे कॅन लावलेला, पेपरचे गठ्ठे घेतलेला, इस्त्रीचे कपडे पोचवणारा सायकलवाला असतो, त्याला कुणी हात दाखवत नाही. त्याला आम्ही सायकलस्वारांत धरतच नाही, आणि हे मला फार लागतं. आमच्या आधीपासून, आमच्यापेक्षा जास्त किलोमीटर, पाऊस असो की ऊन, तोच सायकल चालवत आला आहे.

आमची त्याच्याबद्दलची तक्रार ठरलेली: राँग साइडने येतो, दिवा नसतो. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. समोरासमोर आलेल्या दोन सायकलींचे वेग वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा मोटारवाला उजवीकडेच बघतो, उलट्या दिशेने येणारा त्याला दिसतच नाही. पण तो राँग साइडने का येतो, हेही पाहायला हवं. दुभाजकातली फट दूर असते, मध्ये उड्डाणपूल येतो. मोटारीला तो वळसा म्हणजे अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय. ओझं लादलेल्या सायकलला तोच वळसा मांड्यांनी फेडावा लागतो. असा माणूस समोरून आला की मी वेग कमी करते, डावीकडेच राहते आणि त्याला नजर देते. ओरडत नाही.

दिव्यांचं मात्र दोन्ही टोकांना चुकतं आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला टायरवर घासणारा डायनॅमो माहीत होता. रात्री दिवा नसेल तर पोलिस अडवायचे, म्हणून चौक आला की लोक उतरून सायकल हातात धरून चालायचे. आता कुणी अडवत नाही. एकीकडे बिनदिव्याच्या काळ्या सायकली, दुसरीकडे समोरच्याच्या डोळ्यांवर लखलखणारे, उघडझाप करणारे झोत. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याने उघडझाप करायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे निदान दिवा खाली वळवता येतो. झोत पाच-सहा मीटर पुढे डांबरावर पडला की खड्डाही दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही वाचतात.

काकांची सायकल मी मागून पाहिली. मडगार्डवरचा लाल परावर्तक फुटून नुसता पत्रा उरला होता. ते बावधनला एका सोसायटीत रखवालदार आहेत, सातच्या पाळीला अंधारात निघतात आणि अंधारातच परततात. शुक्रवारी त्याच वेळी मी तिथे थांबले. माझ्याकडे एक छोटा लाल दिवा होता. यूएसबीवर चार्ज होणारा घरी राहू दिला होता, कारण सोसायटीच्या चौकीत एकच प्लग आणि त्यावर त्यांचा फोन. हा बटणाच्या सेलवर चालणारा होता. सीटच्या खाली, डब्याची पिशवी मागे बांधली तरी झाकणार नाही अशा जागी आम्ही तो बसवला. काकांनी दोनदा लावून-बंद करून पाहिला.

मग त्यांनी सेलचा नंबर विचारला आणि खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतला. घड्याळाच्या दुकानात मिळेल ना, म्हणाले. मी म्हटलं, मिळेल.