झिलई कोणाची?

डॅनिश स्टोनवेअरच्या इतिहासलेखनात एक सोयीस्कर अन्याय रूढ झाला आहे. ज्याने आकार घडवला तो कलावंत. ज्याने झिलई सिद्ध केली तो केवळ तंत्रज्ञ! ही विभागणी किती पोकळ आहे, हे नाताली क्रेब्स (१८९५–१९७८) यांच्या कार्यावरून कळते.

क्रेब्स शिक्षणाने रसायन अभियंता. कोपनहेगनच्या बिंग अँड ग्रोंडाल पोर्सेलीन कारखान्यात सुमारे दहा वर्षे काम केल्यावर १९२९ मध्ये त्यांनी गुन्नार न्युलुंड यांच्यासह स्वतःची कार्यशाळा काढली. न्युलुंड लवकरच स्वीडनला गेले. क्रेब्स यांनी ती कार्यशाळा ‘साक्सबो’ या नावाने १९६८ पर्यंत चालवली. १९३२ पासून तेथे एवा स्टेर-नील्सन आकार घडवू लागल्या.

‘झिलई म्हणजे वरचे आवरण’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा भट्टीचा विचार करावा. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. तांब्याचा अंश असलेली झिलई भरपूर हवेत हिरवी उतरते. भट्टीतला प्राणवायू कमी केला की तीच लाल होते. लोह कधी फिकट हिरवे, कधी तपकिरी, कधी जवळजवळ काळे. उष्णता थोडी अधिक झाली की झिलई ओघळते, थोडी कमी पडली की खरखरीत राहते. निवताना ती मातीपेक्षा अधिक आकसली तर तिला बारीक तडे जातात. म्हणजे झिलई सिद्ध करणाऱ्याला मातीचेही गणित मांडावे लागते. याला कोणी ‘रंगकाम’ म्हणत असेल, तर त्याने भट्टी पाहिलेलीच नाही.

एवांचे श्रेय मला कमी करायचे नाही. उलट, त्यांचे आकार मुद्दाम शांत, अलंकरणविरहित आहेत. ते झिलईसाठी जागा सोडतात. तोच आकार दुसऱ्या झिलईत बुडवा, भांडे निराळे होते. मग अर्धे कर्तृत्व तळटीपेत का ढकलायचे?

‘पण भांड्याच्या तळाशी तर एवांची आद्याक्षरे असतात!’ असतात खरी, साक्सबोच्या शिक्क्याशेजारी. मात्र ती आद्याक्षरे आकार कोणाचा एवढेच सांगतात. पृष्ठभाग कोणाचा, हे सांगण्याचे काम इतिहासकाराचे होते. त्याने तळ उलटून पाहिला आणि वरची बाजू पाहायची राहिली.

साक्सबोच्या भांड्याचे छायाचित्र पुढे पाठवाल तेव्हा ओळीत दोन्ही नावे लिहा: आकार एवा स्टेर-नील्सन, झिलई नाताली क्रेब्स.