झाड, पान आणि भोंगा

पुतण्याने मला नवा फोन घ्यायला लावला. कारण? पर्यावरण वाचवायचं ॲप जुन्यावर चालेना! जुना फोन चांगला धडधाकट होता. असो. दात घासताना नळ बंद ठेवला की ॲपात एक पान उगवतं, पानांचं झाड होतं, झाडांचं वन. तीन दिवसांत मी वनाधिपती झालो. परसातला कढीपत्ता तेवढा वाळला. त्याला पाणी घातलं तर ॲपात पान उगवत नव्हतं ना.

आमचा तालुका कडेगाव. ताकारी-टेंभू सिंचन योजनांचं आवर्तन कधी सुटणार, यावर इथे पारावर पैजा लागतात. नळाला पाणी आलं की माणूस ब्रश तोंडात धरून घागरी भरतो. त्याला जलसाक्षर करणार वातानुकूलित खोलीतले महर्षी! केंद्राच्या ‘मिशन लाईफ’च्या 75 सवयींत एक आहे: लाल सिग्नलला गाडी बंद करा. आमच्या गावात सिग्नल असतो तो मोबाईलचा, आणि तो आपणहून बंद पडतो. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत जन्म गेलेल्या म्हातारीला आता ‘पुनर्वापर’ शिकवा म्हणावं.

मुळात हा हिशेब तुमच्या-माझ्या गळ्यात कुणी बांधला? 2004 मध्ये बीपी या तेल कंपनीने लोकांना आपापली ‘कार्बन पाऊलखूण’ मोजायचं गणकयंत्र दिलं. गुत्तेवाल्याने गिऱ्हाइकाला प्याले मोजायची वही द्यावी, तसं!

सवय कशी लागते ते बघायचंय? आमच्याच तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावला चला. 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त मास्तर घरोघर समजावत फिरले. पासवर्ड नाही, बिल्ला नाही. एखाद्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड दिसला की आळीला कळतं. विद्वान याला ‘वर्तनशास्त्रीय हस्तक्षेप’ म्हणतील. आम्ही चारचौघांतली लाज म्हणतो.

ॲपवाल्यांना हे जमायचं नाही. फोन हातात घेतला तर त्यांचं पोट भरतं. भोंगा तर तो खाली ठेवायला सांगतो!

परवा बरोब्बर सातला ॲपने हाक मारली, ‘आज वीज वाचवलीत का?’ मी आज्ञाधारकपणे फोनच बंद केला. सकाळी उघडून बघतो तर काय, गैरहजेरीबद्दल माझं अख्खं वन वाळलेलं! कढीपत्त्याला मात्र त्या संध्याकाळी दोन तांबे पाणी मिळालं.