मोजणीच्या वेळी बांधावर उभं राहायचं



मोजणी हा शब्द आपल्याला नवा नाही. वनहक्काच्या दाव्यासाठी प्लॉटची मोजणी निघते तेव्हा आपण काय करतो? घरातलं एक जुनं माणूस सोबत घेतो, बांधावर जाऊन उभं राहतो. ही आमची वरकस, हे आज्याने लावलेलं आंब्याचं झाड, असं बोट करून दाखवतो. कायदाही तेच सांगतो. दावेदाराला आधी कळवायचं आणि वनहक्क समितीने जागेवर जाऊन बघायचं. जिथे आपली माणसं बांधावर नसतात तिथे जमिनीवरचे दोन एकर कागदावर दहा गुंठे होतात.

मग आपल्या मताची मोजणी होते तेव्हा आपण कुठे असतो?

२०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं, मोजणी २३ ला. दिवाळी उरकली की आपली कातकरी कुटुंबं वीटभट्टीची वाट धरतात. कोणी मतासाठी मागे राहिलं, कोणी रोज बुडवून परत आलं. बोटाला शाई लागली, घरी आलो, काम संपलं. पुढे पेटी कुठे गेली, कोणी उघडली, कोणी मोजली, हे आपण विचारलं नाही. निकाल मोबाईलवर कळला.

पण एका गावाने विचारलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी. त्या गावात भाजपचे राम सातपुते यांना १००३ मतं आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाचे उत्तम जानकर यांना ८४३ मतं निघाली. गावातले कित्येक जण म्हणाले, हे आमच्या गावाचं मत नव्हे. लक्षात घ्या, मतदारसंघात जानकरच निवडून आले होते, १३ हजारांवर मतांनी. म्हणजे हरलेल्याची ही रडारड नव्हती. गावकऱ्यांनी ठरवलं की ३ डिसेंबरला आपल्याच खर्चाने कागदी मतपत्रिका छापायच्या, पुन्हा मतं टाकायची आणि गावासमोर मोजायची. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलीस भरले. मतदान होऊ शकलं नाही आणि आमदारासकट गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

आम्ही इथे नीट बोलू, कारण आपल्या बुलेटिनवर वाडीचा भरवसा आहे. मारकडवाडीत मशीनमध्ये गडबड झाली, असं सिद्ध झालेलं नाही. निवडणूक आयोग सांगतो की राज्यात दर मतदारसंघात पाच बूथ चिठ्ठ्या टाकून निवडले, २८८ मतदारसंघांतल्या १४४० मशीनच्या कागदी चिठ्ठ्या मोजल्या आणि सगळ्या जुळल्या. अशी खाजगी फेरनिवडणूक कायद्यात बसत नाही, हे प्रशासनाचं म्हणणंही खोटं नाही. पण गाव म्हणत होतं, आम्हाला दाखवा. दाखवण्याऐवजी जमावबंदी आली. ज्याला शंका आहे त्याला पोलीस दाखवला तर शंका मिटते का? ती तोंडातून पोटात जाते आणि तिथे वाढते.

मतदानाच्या आकड्यांचंही तसंच. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता आयोगाने ५८.२२ टक्के सांगितले. शेवटचा आकडा ६६.०५ टक्के. मधली मतं आली कुठून, असा गलका झाला. आयोगाने उत्तर दिलं की पाचचा आकडा कच्चा असतो आणि सहा वाजता रांगेत उभे असलेल्या सगळ्यांना मत देता येतं. उत्तर बरोबर असेल. पण ते पटवायला फार बोलायची गरज नाही. प्रत्येक बूथवर फॉर्म १७-सी नावाचा कागद भरला जातो. यादीत किती मतदार, किती जणांनी मत दिलं, मशीनमध्ये किती नोंदली, कागदी सीलचे नंबर काय, सगळं त्यात असतं. बूथवर हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या एजंटाला त्याची सही केलेली नक्कल द्यावी लागते. तो कागद प्रत्येक शाळेच्या भिंतीवर चिकटवा. गाव स्वतः बेरीज करील. गलका करणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होईल.

काही साथी म्हणतात, मशीन फेका, कागदी मतपत्रिका आणा. या मागणीवर वाडीवाडीत चर्चा व्हावी. पण नुसत्या कागदाने भागत नाही, हे चंदीगडला दिसलं. ३० जानेवारी २०२४ ला तिथे महापौराची निवड कागदावरच झाली. मोजणाऱ्या अधिकाऱ्यानेच आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. वर कॅमेरा होता म्हणून पकडला गेला. २० फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने ती आठ मतं धरून निकाल फिरवला. कागद होता, तरी चोरी उघडी पाडली ती बघणाऱ्या डोळ्याने. आणि मारकडवाडीनंतर सतराच दिवसांनी, २० डिसेंबर २०२४ ला, केंद्र सरकारने निवडणुकीचा नियम ९३ बदलला. बूथवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आता सर्वसामान्य माणसाला मागता येत नाही. मतदाराची गुप्तता जपायची आहे, असं कारण आहे. मत कोणाला दिलं ते गुप्तच हवं. पण मोजलं कसं ते गुप्त कशाला?

हरियाणातल्या बुआना लाखू गावाची गोष्टही सांगतो, कारण ती सरपंचाची आहे, आपल्या जवळची आहे. निवडणूक नोव्हेंबर २०२२ ची. वाद एका बूथच्या आकड्यांचा होता. हरलेला उमेदवार कोर्टात गेला, सुप्रीम कोर्टापर्यंत. कोर्टाने सगळ्या बूथची मशीन दिल्लीला मागवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही बाजूंच्या समोर, व्हिडिओ काढून, पुन्हा मोजली. १०५१ विरुद्ध १०००. हरलेला जिंकला! मशीन तीच, मतं तीच, फक्त सगळ्यांसमोर मोजली. पण त्याला पावणेतीन वर्षं लागली. आपल्यातला कोण दिल्लीला जाणार? मशीनची तपासणी मागायचा हक्क सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये दिला, पण तो फक्त दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला. २०२४ ला त्याची फी एका मशीनसंचाला ४७,२०० रुपये होती. मतदाराला तो हक्क नाहीच. आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर चिठ्ठी दाखवणारं यंत्रच नसतं. म्हणून आपल्याला पहिल्या दिवशीच बांधावर उभं राहायला पाहिजे.

आता थोडं आपल्या घरात बघू. दुसऱ्याला पारदर्शक व्हा म्हणायचं आणि आपला रजिस्टर कोपऱ्यात, हे चालणार नाही. एका वाडीवर आम्ही ग्रामसभेला गेलो तर हजेरीच्या पानावर अंगठे आधीच उठवलेले. विचारलं तर म्हणे, बाया कामावर जातात, कोरम भरत नाही, म्हणून काल घरोघर फिरून घेतले. हेतू चांगला होता, दावे मंजूर व्हावेत हाच. पण वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात, हा नियम आपल्याच रक्षणासाठी आहे. आज चांगल्या कामासाठी न बसलेल्या सभेचे अंगठे चालले, तर उद्या जमीन घ्यायला आलेला माणूस तसलंच पान आपल्यासमोर ठेवील. तेव्हा आपण कोणत्या तोंडाने खोटं म्हणणार?

म्हणून संघटनेचं म्हणणं असं.

१. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला सांगायचं: आमच्या बूथवरचा एजंट आमच्या वाडीचा पाहिजे. शिकलेली पोरं-पोरी पुढे या.

२. एजंटाने शेवटपर्यंत थांबायचं, सीलचे नंबर लिहून घ्यायचे, १७-सी ची नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही. ती त्याच रात्री वाडीवर मोठ्याने वाचायची.

३. मोजणीच्या दिवशी आपल्या बूथचा आकडा त्या कागदाशी ताडून बघायचा. फरक असेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्यायची. निकालावर हायकोर्टात अर्ज करायला ४५ दिवसच असतात.

४. ग्रामसभेत हात वर करून मोजायचं, आकडा मोठ्याने सांगायचा, ठराव वाचून दाखवायचा आणि मगच सह्या-अंगठे. कोऱ्या पानावर अंगठा नाही, आपल्या माणसाने मागितला तरी नाही.

सरकार म्हणतं विश्वास ठेवा. आम्ही ठेवू. आपण काही जन्माचे संशयी नाही. पण बाजारात करवंदं घालताना आपली म्हातारीसुद्धा म्हणते, काटा माझ्याकडे कर, मला दिसू दे. ती व्यापाऱ्याला चोर म्हणत नाही. ती फक्त बघते. तेवढंच आपण मागतो आहोत.

हे पान वाचणाऱ्याने न वाचणाऱ्यांना वाचून दाखवावं.