हिरवी फाइल, कोरडे बोअर

5 जूनला, पर्यावरण दिनी, महाविद्यालयाच्या आवारात वृक्षारोपणाला गेलात, तर खड्डा बहुधा गेल्या वर्षीचाच असतो. लोखंडी पिंजऱ्यावर देणगीदाराचे नाव ठळक आणि आत वाळलेली काडी. ती उपटायची, नवे रोप ठेवायचे, पाहुण्यांनी झारी धरायची, फोटो ‘नॅक’ मूल्यांकनाच्या फाइलीला लावायचा. त्यात हरित लेखापरीक्षणाचा अहवाल लागतो, म्हणून एखादी एजन्सी येऊन झाडे मोजून जाते. मे महिन्यात टँकर किती आले, ते मात्र शिपायाला विचारावे लागते.

जालन्यात पर्यावरण म्हणजे आधी पाणी. 2012-13च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शहर टँकरच्या रांगेत उभे राहिले. त्याच दिवसांत लोकांना निजामकाळातला घाणेवाडी तलाव आठवला. विजेच्या पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहराला पाणी देणारा. वर्गणी निघाली, गाळ उपसला गेला, शेतकऱ्यांनी तो रानात नेऊन टाकला. कडवंची गावाने तर पाण्याचे काम नव्वदच्या दशकातच सुरू केले होते. जलसंधारणाचे काम करणारे विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले, शेततळी खोदली आणि कोरडवाहू रानात द्राक्षे पिकवली. शहरातल्या महाविद्यालयांपासून ही दोन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत. सहली मात्र महाबळेश्वरला जातात.

हिशेब सोपा आहे. इमारतीचे छत हजार चौरस मीटरचे आणि वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटर धरला, त्यातले ऐंशी टक्के पाणी हाती लागले, तर ते 4 लाख 80 हजार लिटर होते. म्हणजे 12 हजार लिटरचे 40 टँकर. आज हे पाणी छतावरच्या पाइपातून पेव्हर ब्लॉकवर आदळते आणि गेटबाहेरच्या नालीला मिळते. निधी नाही, ही सबब चालणार नाही. पेव्हर ब्लॉकला निधी होताच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे मुरत नाही, हे खरे. मग पुनर्भरणाचा खड्डा कुठे घ्यायचा, हे भूगोल विभागाने ठरवावे. नाही तर तो विभाग कशासाठी आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या 1991च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला. त्याचा प्रकल्प आज झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, ओझोनच्या थरापासून ॲमेझॉनच्या जंगलापर्यंत. मुखपृष्ठावरचे नाव तेवढे बदलायचे. त्याऐवजी मुलांनी आपल्याच आवारातले गळके नळ, वसतिगृहाची भरून वाहणारी टाकी आणि हिरवळीला सोडलेले पाणी मोजावे. दुष्काळी जिल्ह्यात प्रवेशद्वाराशी हिरवळ राखणे ही चैन आहे, आणि तिचा खर्च पाण्यात मोजला की ती आपोआप बोचू लागेल. तिथे कडुनिंब, करंज लावले तर पहिली दोन-तीन वर्षे जपावे लागतील, पुढे ते स्वतःचे बघतील.

येत्या 5 जूनला प्राचार्यांनी पाहुणे बोलावू नयेत. बोअरला मीटर बसवावे आणि त्याचा आकडा दर सोमवारी सूचनाफलकावर लावावा.